तू तो सेल पुसून पाहिलास का?

मन्मथ,

सोमवारी सकाळी जिंतूरहून परभणीला जाणारी गाडी बोरीला थांबली तेव्हा मी सवयीने शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. दोन बाया चढल्या, एक दूधवाला चढला आणि दार लागलं. कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

"सर न्हाईत आज? रजेवर हायत का?"

मी "हो" म्हणालो. तुला जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि बोरीचे फिजिक्सचे सर आता या गाडीला येणार नाहीत, एवढं साधं वाक्य मला त्या माणसाला सांगता आलं नाही. पिशवी पुन्हा सीटवर ठेवायलाही हात धजला नाही. परभणी येईपर्यंत ती मांडीवरच होती.

प्राचार्यांनी वार्षिकांकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे. "त्यांच्या शोधाबद्दल लिहा. तुम्ही बरोबर होता," म्हणाले. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे दुसरं कुणीतरी लिहिणार आहे. माझ्या वाट्याला शोध आला आहे आणि नेमकं तेच माझ्याच्याने लिहवत नाही. मला तुझ्याकडून एक गोष्ट कळायला हवी होती. तू गेल्यापासून तोच प्रश्न डोक्यात होता. तू छतावरचा तो सेल पुसून पाहिलास का? पाहिला असशील तर तुला काय दिसलं? आणि ते मनात घेऊनच तू गेलास का?

वार्षिकांक मुलंही वाचतील, म्हणून तुला ठाऊक असलेलंच थोडं त्यांच्यासाठी लिहितो. सूर्यप्रकाशावर वीज देणारा सिलिकॉनचा कोरा सेल राखाडी आणि चकचकीत असतो. चकचकीत असतो याचा अर्थ पडलेलं बरंचसं ऊन तो परत फेकतो. त्याच्यावर धातूच्या ऑक्साइडचा, आपल्या बाबतीत झिंक ऑक्साइडचा, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतका पातळ लेप चढवला की ऊन आत शिरतं आणि वीज वाढते. हे जगाला आधीच माहीत होतं. तुझं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. झिंकच्या द्रावणात चिमूटभर अल्युमिनियमचं मीठ मिसळलं तर तोच लेप आणखी चांगलं काम करतो, असं तू म्हणायचास. साध्या झिंकच्या सेलपेक्षा मिश्र लेपाचा सेल थोडी जास्त वीज देतो, हे आपण वर्षानुवर्षं छतावर मोजत आलो. फरक थोडाच होता, पण दर उन्हाळ्यात दिसायचा. त्या थोड्या फरकावर तू आयुष्य लावलंस.

त्यात मला ओढलंस तूच. तेव्हा मी केमिस्ट्रीच्या खोलीत जुन्या टिपणांवरून शिकवणारा आणि पाच वाजायची वाट पाहणारा माणूस होतो. पीएच.डी. अर्धवट सोडली होती आणि त्याबद्दल कुणी विचारलं की घरच्या अडचणी सांगायचो. तू एक दिवस दारात उभा राहिलास.

"दिग्या, मला द्रावण करून दे. आमा फिजिक्सवाल्यांचा हात काट्यावर थरथरतो."

"चहा पाजशील?"

"चहा कामून, जेवू घालतो की. पण द्रावण गढूळ निघालं तर तुलाच प्यायला लावीन."

त्या जुन्या स्टोअररूममधली तुझी मांडणी पाहून मला हसू आलं होतं. मोडक्या फ्रिजचा कॉम्प्रेसर, एक काचेची फवारणीची नळी आणि खाली तापलेली लोखंडी शेगडी. शेगडीवर बोटाएवढा सेल. तू फुस करून फवारायचास, थांबायचास, पुन्हा फुस. आंबूस वास सुटायचा. राखाडी सेलवर आधी हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळा रंग आला. मग तांबूस झाला. मग वांग्याच्या सालीसारखा जांभळा. "आता बघ, आता बघ," म्हणत तू माझं मनगट धरलं होतंस. जांभळ्याचा निळा व्हायच्या बेतात असताना ओरडलास, "बस! उचल!" लेपाची जाडी तू रंगावरून ओळखायचास. पुढे मी कितीदा करून पाहिलं, माझ्या हातून रंग नेहमी निळ्याच्या पलीकडे जायचा आणि तू म्हणायचास, "दिगंबररावांनी वांगं करपवलं."

त्या दिवशी पाच कधी वाजले ते मला कळलं नाही. नोकरीला लागल्यापासून तसं पहिल्यांदाच झालं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या एका दुपारमुळे मी पुढची सगळी वर्षं माणसासारखा जगलो, हेही सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

आपण भांडायचो मात्र पुष्कळ. सेलची वीज मोजायला खोट्या सूर्याचं यंत्र असतं, ते आपल्याकडे नव्हतं. विद्यापीठात होतं, पण ते आपल्या वाट्याला कधी आलं नाही. लेपाची बाकीची तपासणी करायला तू रेल्वेने तिथे सेल घेऊन जायचास, एकदा मीही बरोबर होतो. तू सेल मऊ कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले होते आणि डबा मांडीवर धरून बसला होतास. पिंगळी स्टेशन आलं, माझं गाव. समोरच्या आजीने भाकरी सोडली आणि तुझ्या डब्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, चटणी हाय का वाईच?" तू इतक्या गंभीरपणे "चटणी न्हाई मावशी, जस्त हाय," म्हणालास की ती बाई उठून पलीकडे जाऊन बसली. मला हसू आवरेना. परत येताना मी म्हणालो की यंत्र नसताना हे सगळं कशाला करायचं, खऱ्या उन्हात मोजलेलं कोण मानणार. तू चिडलास. "ऊन आपल्याकडं लय हाय. यंत्र न्हाई म्हणून ऊन वाया घालायचं का?" मी म्हणालो, ऊन रोज सारखं नसतं. तू म्हणालास, "म्हणून तर आजोबा हायत."

आजोबा म्हणजे आपल्या कॉलेजच्या छतावर लोखंडी स्टँडला कायमचा बसवलेला सेल. साध्या झिंकच्या लेपाचा, तुझ्या हातचा पहिला नीट जमलेला सेल. नवा मिश्र सेल कपाटातून काढायचा, आजोबाच्या शेजारी ठेवायचा आणि एकाच वेळी दोघांची वीज मोजायची. ऊन कमीजास्त झालं तर दोघांनाही सारखंच. नव्याचा आकडा आजोबाच्या आकड्यापेक्षा किती जास्त, एवढंच पाहायचं. युक्ती चांगली होती. पूर्वी एका मुलाने आजोबा खरबरीत फडक्याने पुसला होता. लेपावर ओरखडा पडला, एक तारही तुटली आणि तुझा सगळा हंगाम वाया गेला. तेव्हापासून तुझा नियम झाला की आजोबाला कुणीही हात लावायचा नाही. स्टँड हलवायचा नाही, तार ओढायची नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही. नवीन मुलं आली की आधी हा नियम सांगायचास. मी एकदा म्हणालो होतो, दरवर्षी नवा साधा सेल करून त्याच्याशीही ताडून पाहू. तू म्हणालास, "मोजपट्टी दरवर्षी बदलतेत का रे?" मला ते पटलं. आपल्या कामात एवढी शिस्त आहे याचा मला अभिमान वाटायचा.

दर उन्हाळ्यात मिश्र सेल पुढे असायचा. फेब्रुवारीपासून फरक वाढत जायचा, मे महिन्यात सगळ्यात जास्त. पावसाळा लागला की फरक नाहीसा व्हायचा. तू म्हणायचास, दमट हवेत लेप सुस्तावतो. मी केमिस्ट्रीवाला, मी त्याला कारणही शोधून दिलं. ओलाव्याने झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर काय होतं याचे दोन परिच्छेद मी लिहिले आणि ते आपल्या लेखात छापून आले. दिवाळीनंतर फरक पुन्हा दिसू लागायचा आणि तुझा चेहरा खुलायचा. सगळ्या कॉलेजला तुझ्या चेहऱ्यावरून ऋतू कळायचा.

यंदा शिवरात्रीच्या आठवड्यात कुणीतरी मोटर बंद करायला विसरलं आणि छतावरची टाकी भरून वाहिली. तुझं प्रॅक्टिकल होतं म्हणून दुपारचं मोजमाप घ्यायला मी एकटाच वर गेलो. मिश्र सेल ठेवला, आकडे पाहिले. फरक नव्हता. बाहेर रखरखीत ऊन, हवेत ओलावा नावाला नाही, आणि फरक नाही. मी तारा तपासल्या. मग आजोबाकडे पाहिलं. टाकीचं पाणी थेट त्याच्यावरून वाहून गेलं होतं. न्हाऊन बसलेल्या माणसासारखा तो स्वच्छ, काळानिळा दिसत होता आणि स्टँडच्या पायाशी चिखलाचं थारोळं साचलं होतं.

तिथल्या तिथे मला कळलं. पावसाळ्यात आपला लेप सुस्तावत नव्हता. आजोबा धुतला जात होता. उन्हाळाभर त्याच्यावर परभणीची बारीक धूळ बसत होती, आणि कपाटातून काढलेला स्वच्छ मिश्र सेल त्या धुळीपेक्षा पुढे जात होता. हात लावायचा नाही या नियमानेच आपल्याला फसवलं होतं.

मन्मथ, त्या क्षणी मला दुःख झालं नाही, आनंद झाला. हे मला लिहायचंच आहे. कोडं सुटल्यावर होतो तसा आनंद. आणि त्यात आणखीही काही मिसळलेलं होतं. त्याच आठवड्यात तुला विद्यापीठाच्या परिषदेत भाषणाचं बोलावणं आलं होतं. बोलावण्यात तुझं एकट्याचं नाव होतं. द्रावणं माझी होती, ते ओलाव्याचे परिच्छेद माझे होते. मी तुझं अभिनंदन केलं होतं आणि घरी जाऊन बायकोवर विनाकारण खेकसलो होतो.

मी जिना उतरून सरळ स्टाफरूममध्ये आलो. त्या बोलावण्याचा चहा तू सगळ्यांना पाजत होतास. प्राचार्य होते, इतिहासाचे सर होते, मुलाखतीला आलेले दोन परके उमेदवारही होते. मी दारातूनच बोललो.

"मन्मथ, तुझ्या अल्युमिनियमनं कायबी होत न्हाई! सगळी परभणीची धूळ हाय ती. आजोबाची आंघोळ झाली अन् तुझा शोध मोरीतून वाहून गेला!"

सगळे हसले. मी ते हसण्यासाठीच तसं म्हणालो होतो. इतिहासाच्या सरांनी वर जोड दिली, "म्हणजे सर, आता पेटंट धुळीचं घ्या. माल भरपूर हाय आपल्याकडं." पुन्हा हशा झाला. तूही हसलास, सगळ्यांच्या नंतर. कप बशीत ठेवलास. मग उमेदवारांना विचारलंस, "साखर बरोबर हाय ना?"

मला हे तुला बसमध्ये सांगता आलं असतं. रोज तासभर आपण खांद्याला खांदा लावून बसायचो. त्याच संध्याकाळी बसलो होतोच. झरी येईपर्यंत तू खिडकीबाहेर पाहत होतास. मग एवढंच विचारलंस, "टाकी कधी वाहिली?"

"सकाळी."

"बरं."

बोरीला उतरताना नेहमीसारखं "येतो रे" म्हणालास.

त्यानंतर तू मला काहीच म्हणाला नाहीस. ते दिवस मी आता पुन्हा पुन्हा आठवतो. तू रोज आलास, माझ्या शेजारी बसलास, लेकीच्या परीक्षेबद्दल बोललास, कापसाबद्दल बोललास, नव्या टाइमटेबलवर कुरकुर केलीस. लेपाचा शब्द नाही, आजोबाचा नाही, परिषदेचा नाही. मधूनमधून बोलता बोलता थांबायचास आणि माझ्याकडे पाहायचास. मला वाटायचं, आता बोलेल. मी थांबायचो. तू रागावला आहेस असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तू आपल्या तोंडाने "दिग्या, तुझं बरोबर होतं" म्हणावंस, याची मी वाट पाहत होतो. ते ऐकल्यावर माफी मागायची असं मी ठरवलं होतं. आधी तुझी कबुली, मग माझी माफी. मी इतका हिशेबी माणूस आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग होळीनंतर एका सकाळी बोरीहून तुझ्या भावाचा फोन आला. आंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं आणि तू उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. साखर होतीच तुला. एका थट्टेने कुणाचं हृदय बंद पडत नाही, हे मला कळतं. रोज स्वतःला सांगतो. सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

तुमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तुला बसवून माती दिली. आमच्या पिंगळीला आग असते. ज्वाळा बघत उभं राहता येतं, लोक पांगेपर्यंत काहीतरी चालू असतं. तुझ्या तळहातावर तुझं इष्टलिंग ठेवलं होतं, कपाळाला भस्म होतं, मांडीवर बेलाची पानं होती आणि तू प्रॅक्टिकलला उशिरा आलेल्या मुलाची वाट पाहावी तसा बसला होतास. जंगम स्वामींचे मंत्र म्हणून झाल्यावर एकेकाने मूठ मूठ माती टाकायची होती. माझी पाळी आली. बोरीची माती कोरडी, पिठासारखी बारीक होती. माझी मूठ उघडेना.

"टाका सर," मागून कुणीतरी म्हणालं. "मागं माणसं खोळंबलीत."

मी टाकली. ती तुझ्या खांद्यावर पडली आणि मी पुसायला हात पुढे केला. लोकांनी मला मागे ओढलं. त्यांना वाटलं, मी कोसळतोय.

शोकसभेत प्राचार्यांनी तुला थोर संशोधक म्हटलं. तुझ्या लेपाने उद्या शेतकऱ्याच्या पंपाला जास्त वीज मिळेल असं ते म्हणाले. शोभावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी बोलायला उभा राहिलो आणि आपल्या मैत्रीबद्दल बोलून खाली बसलो.

मग मी बोरीला वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला, तुझी खुर्ची सोडून दुसरी पुढे केली. बोलता बोलता म्हणाल्या, "जायच्या आधी काय येड्यावानी करायले होते, भाऊजी. एक दिशी म्हणले, मला मऊ सुती कापड दे. लेकीच्या जुन्या ओढणीचं फाडून दिलं. कशाला म्हणलं तर म्हणले, आजोबाचं तोंड पुसायचंय. म्या म्हणलं, आजोबाला जाऊन किती वरसं झाली! तर हसले नुसते."

म्हणजे तू पुसून पाहिलंस.

"तुमी सांगा भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "झालं होतं का त्यांचं काम?"

त्या माझ्याकडे सरळ पाहत होत्या. मी म्हणालो, "झालं होतं, वहिनी. चांगलं झालं होतं."

"बरं," त्या म्हणाल्या. अगदी तुझ्यासारखं.

तोवर मी स्वतः नीट मोजलेलं नव्हतं. टाकीच्या दिवसाचं एकच मोजमाप होतं, घाईतलं. मला आशा होती. एखादी तार सैल असेल, माझी चूक झाली असेल. वर जाऊन नीट मोजीन, थोडा का होईना फरक निघेल, आणि मी जगाला ओरडून सांगीन की त्या दिवशी स्टाफरूममध्ये बोललेला माणूस मूर्ख होता. मी मूर्ख ठरावं म्हणून इतक्या मनापासून मी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात छतावर गेलो. तू पुसल्यानंतर आजोबावर पुन्हा पातळ धूळ बसली होती. ऊर्ध्वपातित पाणी नेलं होतं, कापूस नेला होता. अलगद, वरून खाली, ओरखडा न पडू देता मी त्याला स्वच्छ केलं. मग तुझ्या कपाटातले मिश्र सेल एकेक करून शेजारी ठेवले. प्रत्येक सेलवरचा वांग्याचा रंग तुझ्या हातचा होता. आता तसा रंग कुणाला जमणार नाही. मी आकडे घेतले. सारखे आले. जागा बदलून घेतले. सारखे. दोन सेल तर आजोबाच्या किंचित मागेच होते. ऊन उतरेपर्यंत मी मोजत राहिलो आणि दर वेळी मीच बरोबर निघत गेलो.

जिन्यात बसून राहिलो. मन्मथ, तू हेच सगळं एकट्याने केलं असणार. हेच आकडे तू पाहिलेस. आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसून कापसाबद्दल बोललास.

आता वार्षिकांकात मी काय लिहावं? लेप चांगला होता असं लिहिलं तर तुझ्या नावावर खोटं चढतं, आणि तू आकड्यात टिंब हललेलंही सहन करायचा नाहीस. खरं लिहिलं तर तुझ्या लेकीच्या हातात बापाच्या सगळ्या वर्षांचं शून्य देतो. छापायच्या आधी वहिनींना सांगायला हवं, एवढं मात्र मला स्पष्ट होतं. तरी मी दोनदा बोरी येऊनही गाडीतून उतरलो नाही. तिसऱ्यांदा, काल, उतरलो.

वहिनी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगून टाकलं. "वहिनी, मागच्या वेळी मी खोटं बोललो. त्यांचं काम झालं नव्हतं. अल्युमिनियमनं फरक पडत नव्हता. ती धूळ होती."

त्यांचे हात थांबले नाहीत.

"ठावं हाय मला. बसा."

मी बसलो.

"कापड नेलं त्याच दिशी कळलं मला. जेवले न्हाईत. मी खवळले तवा बोलले. म्हणले, दिगंबर बरोबर हाय, इतकी वरसं म्या धूळच मोजायलो होतो."

"रागावले होते का माझ्यावर?"

"राग कशाचा? म्हणले, आपणहून सांगायला लाज वाटायलीय. उद्या दिगंबर विचारील, तवा सांगतो. तो संगं असला की पुन्यांदा पहिल्यापासून मांडू." त्यांनी टरफलं सुपात ओढली. "दुसऱ्या दिशी आले तवा म्या विचारलं, विचारलं का भाऊजीनं? म्हणले, न्हाई, उद्या विचारील. मी रोज विचारायचे. ते रोज म्हणायचे, उद्या."

मी खाली सांडलेली एक शेंग उचलून सुपात टाकली.

"मागच्या बारीला तुमाला म्या मुद्दाम विचारलं, झालं होतं का काम म्हणून. म्हणलं बगू, काय सांगतेत. तुमी 'झालं' म्हणलात." आता पहिल्यांदा त्यांनी हात थांबवले. "मला आकड्याचं कायबी न्हाई, भाऊजी. लिहा तुमी काय खरं हाय ते. त्यांनीबी तेच लिहिलं असतं. मला निस्तं एक सांगा. तुमी कामून न्हाई विचारलं त्यांना?"

त्या थांबल्या. माझ्याकडे उत्तर होतं, ते वर मी लिहिलं आहे, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून ते ओठांवर आलं नाही. मग त्या सूप उचलून आत गेल्या आणि परत बाहेर आल्या नाहीत.